सेफ, मॉडरेट, अ‍ॅम्बिशियस आणि आनंदीबाई

सातवं सेमिस्टर सुरू झालं की आपल्या हॉस्टेलमध्ये एक साथ येते. तिचं नाव एमएस. रात्री साडेअकरानंतर कुठल्याही मजल्यावर चक्कर मारा, निम्म्या खोल्यांत लॅपटॉपवर एकच एक्सेल शीट उघडी असते. पहिल्या कॉलमात युनिव्हर्सिटीचं नाव, मग फी, मग डेडलाइन, मग जीआरई लागते की नाही, आणि सगळ्यात शेवटी 'चान्स'. या शेवटच्या कॉलमात कोणी टक्के लिहितं, तर कोणी तीनपैकी एक शिक्का मारतं: सेफ, मॉडरेट, अ‍ॅम्बिशियस. मीरा रोड स्टेशनबाहेर पडलं की प्रोफाइल बघून चान्स सांगणाऱ्यांच्या पाट्या दिसतात. अशाच एका ठिकाणी मीही जाऊन आलो. सीजीपीए, बॅकलॉग, पेपर, इंटर्नशिप एवढं विचारून त्यांनी दहा मिनिटांत माझं भविष्य हिरव्या, पिवळ्या आणि लाल रंगात रंगवून हातात दिलं.

तेव्हापासून डोक्यात एकच किडा वळवळत होता. हा मीटर बरोबर दाखवतो का? लॅबमध्ये नवीन मल्टिमीटर आला की आपण आधी काय करतो? ज्याचा रेझिस्टन्स आधीच माहीत आहे अशा तुकड्यावर तो लावून बघतो. तसंच करावं म्हटलं. ज्या उमेदवाराचा निकाल जगाला माहीत आहे, त्याचं प्रोफाइल या शीटमध्ये भरायचं आणि मीटर काय दाखवतो ते पाहायचं.

मी निवडलेलं नाव आहे आनंदीबाई जोशी. एक तर त्या आपल्याच ठाणे जिल्ह्यातल्या, कल्याणच्या. घोडबंदर रोडने ठाणं गाठा आणि तिथून मध्य रेल्वेने कल्याण. दुसरं कारण घरगुती आहे. त्यांचे पती गोपाळराव मूळचे संगमनेरचे, आणि मीही त्याच तालुक्यातला. लहानपणापासून त्यांचं नाव ऐकलेलं. २०१९ साली 'आनंदी गोपाळ' सिनेमा आला तेव्हा आपल्यापैकी बऱ्याच जणांनी तो पाहिलाच असेल. पण सिनेमात रडू येतं आणि हिशोब राहून जातो. मला हिशोब करायचा होता.

प्रोफाइल

चला, शीट भरू या.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेरचं नाव यमुना. कल्याणच्या एका जुन्या, एकेकाळी सुस्थितीत असलेल्या जोशी घराण्यातली ही मुलगी. नवव्या वर्षी लग्न झालं. नवरा बिजवर, वयाने जवळजवळ वीस वर्षांनी मोठा, पोस्टात नोकरीला. लग्नानंतर यमुनेची आनंदी झाली.

गोपाळराव हे एक विचित्र रसायन होतं. बायकोला शिकवायचंच, हे त्यांनी डोक्यात घेतलं होतं. त्या काळात नवरा बायकोला स्वयंपाकावरून मारी, हा अभ्यासावरून मारायचा. हे मी हवेत म्हणत नाही. आनंदीबाईंनी पुढे अमेरिकेतून नवऱ्यालाच लिहिलेल्या पत्रात या मारहाणीची, अंगावर फेकलेल्या वस्तूंची आणि सोडून जाण्याच्या धमक्यांची आठवण स्पष्ट शब्दांत करून दिली आहे. त्याच पत्रव्यवहारात शिक्षणाबद्दलची कृतज्ञताही आहे. दोन्ही गोष्टी एकाच माणसाबद्दलच्या. ज्यांना नायक किंवा खलनायक असा एकच शिक्का हवा असतो, त्यांची इथे पंचाईत होते.

गोपाळरावांवर लोकहितवादींच्या 'शतपत्रां'चा प्रभाव होता. संस्कृतपेक्षा इंग्रजी शिकणं जास्त महत्त्वाचं, हे त्यांनी तिथून घेतलं. पोस्टाची नोकरी बदलीची. कल्याण, अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, कच्छमधलं भूज, मग कलकत्ता. या फिरतीतच आनंदीबाईंचं शिक्षण झालं. मुंबईत काही काळ त्या मिशनच्या शाळेत जात. रस्त्याने पुस्तकं घेऊन चाललेली बाई बघून लोक टोमणे मारत. बाकी सगळा अभ्यास घरी, नवऱ्यापुढे.

चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला. तो दहा दिवसच जगला. धड वैद्यकीय मदत मिळाली असती तर मूल वाचलं असतं, ही गोष्ट त्यांच्या मनात घर करून राहिली. त्या काळी बायका पुरुष डॉक्टरकडून तपासून घ्यायला तयार नसत, आणि बाई डॉक्टर मिळत नसे. डॉक्टर व्हायचं, हे तिथून ठरत गेलं.

आता आपल्या शीटमधले कॉलम भरा. शाळेचं सर्टिफिकेट: नाही. मॅट्रिक: नाही. मार्कशीट: नाही. सायन्सचा पाया: जवळजवळ नाही. अनुभव: नाही. पैसे: पोस्टातल्या कारकुनाचा पगार. प्रकृती: कलकत्त्याला असतानाच नाजूक, सततची डोकेदुखी, ताप, कधी धाप. वय: अठरा. देश: जिथून आजवर एकही हिंदू स्त्री डॉक्टरी शिकायला अमेरिकेला गेलेली नाही.

बोला, कुठला रंग? मला हातात मिळालेला तक्ता ज्या पद्धतीने बनला, त्या पद्धतीने हे प्रोफाइल लाल रंगातही बसत नाही. शीटच एरर देईल.

आणि निकाल? अर्ज केला १८८३ च्या जूनमध्ये, त्याच वर्षी प्रवेश मिळाला, आणि ११ मार्च १८८६ रोजी एमडीची पदवी हातात आली. म्हणजे मीटर चुकला. आता तो नेमका कुठे चुकला, ते बघू या.

पहिला रिजेक्ट

बऱ्याच जणांना वाटतं की आनंदीबाईंनी अर्ज केला आणि अमेरिकेने दार उघडलं. तसं नाही. आधी एक रिजेक्ट आहे.

१८७८ मध्ये, कोल्हापूरला असताना, गोपाळरावांनी रॉयल वाइल्डर नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिलं. बायकोला अमेरिकेत शिकायचं आहे आणि आपल्याला तिकडे एखादी नोकरी हवी आहे, असा मजकूर. उत्तर आलं ते धर्म बदला या धर्तीचं. जोशी दांपत्याला ते मान्य नव्हतं. विषय संपला. पण वाइल्डरनी हा पत्रव्यवहार आपल्या 'मिशनरी रिव्ह्यू' या मासिकात छापला.

१८८० मध्ये न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाई दाताच्या डॉक्टरकडे आपला नंबर येण्याची वाट बघत बसल्या होत्या. तिथे पडलेलं जुनं मासिक त्यांनी चाळलं, त्यात हे पत्र वाचलं आणि थेट आनंदीबाईंना लिहिलं. दोघींचा पत्रव्यवहार सुरू झाला. आनंदीबाई त्यांना मावशी मानू लागल्या. प्रकृतीच्या तक्रारी कळल्यावर या मावशीने अमेरिकेतून औषधंही पाठवली.

इथे थांबून इंजिनिअरसारखा विचार करा. दाताच्या डॉक्टरकडचं जुनं मासिक हा निव्वळ योगायोग. तो कुठल्याच शीटमध्ये बसणार नाही. म्हणून लगेच सगळं नशिबावर असतं असं म्हणायचं का? मला तसं वाटत नाही. पत्र लिहिलंच नसतं तर मासिकात छापलंही गेलं नसतं. पण दुसरी बाजूही विसरू नका. त्या काळात अशी पत्रं आणखी किती जणांनी लिहिली असतील आणि ती कुणीच वाचली नसतील? ते आपल्याला कधीच दिसत नाहीत. आपल्याला फक्त पोचलेली माणसं दिसतात. सीनियर्सच्या अ‍ॅडमिटच्या गोष्टी ऐकतानाही हेच होतं. ज्याला मिळालं तो कट्ट्यावर बसून सांगतो. ज्याला नाही मिळालं तो मुकाट्याने प्लेसमेंटला बसतो. एकट्या आनंदीबाईंकडे बघून कोणीही जिद्द धरली की मिळतंच असा निष्कर्ष काढणं म्हणजे एका रीडिंगवर ग्राफ काढणं.

सहा प्रश्न

१८८१ मध्ये गोपाळरावांची बदली कलकत्त्याला झाली. पुढे ते सेरामपूरला आले. आनंदीबाईंनी एकटीने अमेरिकेला जायचं ठरलं होतं आणि त्यावरून चहूकडून टीका सुरू होती. सनातनी चिडले होते, कारण ब्राह्मणाची बायको समुद्र ओलांडणार. तिकडे काही मिशनरी मंडळींना वाटत होतं की तिने आधी ख्रिस्ती व्हावं.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी सेरामपूर कॉलेजच्या हॉलमध्ये आनंदीबाईंनी इंग्रजीत जाहीर भाषण केलं. वय पूर्ण अठराही नाही. लोक आपल्याला जे प्रश्न विचारतात ते त्यांनी स्वतःच मांडले आणि एकेकाचं उत्तर दिलं. अमेरिकेलाच का जायचं? भारतात शिकायची सोय नाही का? एकटीच का जातेस? परत आल्यावर जातीने वाळीत टाकलं तर? तिकडे काही बरंवाईट झालं तर? आणि आजवर कुठल्याच बाईने जे केलं नाही ते तूच का करतेस?

मित्रांनो, एसओपी लिहायला बसाल तेव्हा हे सहा प्रश्न समोर ठेवा. आपल्यापैकी बहुतेकांची एसओपी लहानपणी रिमोट कंट्रोलची गाडी उघडून बघण्यापासून सुरू होते आणि युनिव्हर्सिटीच्या जागतिक कीर्तीवर संपते. हाच देश का, इथे का नाही, आणि फसलं तर काय, याचं उत्तर त्यात नसतं. आनंदीबाईंच्या भाषणात होतं. भारतात काय सोयी आहेत हे त्यांनी तपासलेलं होतं. मद्रासच्या मेडिकल कॉलेजात १८७५ पासून मुली शिकत होत्या, हे त्यांना ठाऊक होतं. मग तिथे का नाही? कारण हिंदू राहून शिकू पाहणाऱ्या स्त्रीला इथे कसं वागवलं जाईल, शिकवणारे पुरुष कशा वृत्तीचे आहेत, याचा अंदाज त्यांनी स्वतःच्या अनुभवावरून घेतला होता. आपण हिंदू म्हणूनच जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, हेही त्यांनी जाहीर केलं. भाषणाची बातमी देशभर गेली. मदतीचा ओघ सुरू झाला. खुद्द व्हाइसरॉयनेही या कामासाठी २०० रुपये दिले.

७ एप्रिल १८८३ ला त्या कलकत्त्याहून बोटीने निघाल्या. बोटीचं नावही 'सिटी ऑफ कलकत्ता'. नवरा बरोबर नव्हता, सोबतीला मिशनरी बायका होत्या. ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. कार्पेंटरबाई घ्यायला आल्या होत्या.

एकच अर्ज, पण कुठे?

फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियाचं नाव एका डॉक्टर दांपत्याने सुचवलं होतं. २८ जून १८८३ ला आनंदीबाईंनी कॉलेजचे पदाधिकारी आल्फ्रेड जोन्स यांना पत्र लिहिलं. हाच त्यांचा अर्ज. त्यांनी आपलं शिक्षण किती झालं ते सांगितलं, आणि आपण कशासाठी आलो तेही. आपल्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरकडे जाण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी शिकायचं आहे. जातीचा आणि आप्तांचा विरोध पत्करून इथवर आले आहे, तेव्हा पुढचंही निभावेन. स्वतःसाठी काही मागत नाही, या कामाला लागेल तेवढंच द्या. साधारण असा त्याचा गाभा.

कॉलेजच्या डीन होत्या रेचल बॉडली. त्यांनी प्रवेश दिला, आणि आर्थिक मदतही.

आता माझ्या मते शीट चुकण्याचं खरं कारण इथे आहे. शीट उमेदवार तपासते. दार कुणाचं आहे ते तपासत नाही.

त्याच वेळी आनंदीबाईंनी हार्वर्डच्या मेडिकल स्कूलला अर्ज केला असता तर? चान्स शून्य. प्रोफाइल कितीही भारी असतं तरी शून्यच, कारण हार्वर्ड मेडिकल स्कूलने मुलींना पहिल्यांदा प्रवेश दिला तो १९४५ मध्ये. उलट फिलाडेल्फियाचं हे कॉलेज १८५० मध्ये स्थापन झालं तेच मुळी बायकांना दुसरीकडे कुणी घेत नव्हतं म्हणून. एलिझाबेथ ब्लॅकवेल यांनी १८४९ मध्ये अमेरिकेत एमडी मिळवली, पण त्याआधी अनेक कॉलेजांनी त्यांना नकार दिला होता. या कॉलेजच्या विद्यार्थिनी १८६९ मध्ये पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटलमध्ये क्लिनिकल लेक्चरला गेल्या, तेव्हा मुलांनी त्यांची हुर्यो उडवली होती. डीन बॉडली स्वतः रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका. ज्यांना कागदावर बसत नाही म्हणून स्वतः नाकारलं गेलंय, अशा लोकांच्या टेबलावर हा अर्ज पडला होता.

आणखी एक गोष्ट. याच कॉलेजातून १८६९ ला पास झालेल्या क्लारा स्वेन १८७० पासून बरेलीला काम करत होत्या. म्हणजे हिंदुस्थानात बाई डॉक्टरची गरज काय आहे, हे या कॉलेजला तेरा वर्षं माहीत होतं. आनंदीबाईंच्या पत्रातलं कारण त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. ज्या प्रश्नावर कॉलेज आधीच काम करत होतं, त्याच प्रश्नाच्या घरातली मुलगी समोर उभी होती.

१० ऑक्टोबर १८८५ चा एक प्रसिद्ध फोटो आहे. आनंदीबाई नऊवारीत, शेजारी जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लांबूली, आपापल्या देशाच्या वेषात. तिघीही याच कॉलेजच्या विद्यार्थिनी. तिघींना एकाच कॉलेजने घ्यावं, हा योगायोग नव्हे. ते त्या कॉलेजचं धोरण होतं.

टक्क्यांचं काय?

आता आपल्याकडे येऊ. एखाद्या युनिव्हर्सिटीचा अ‍ॅक्सेप्टन्स रेट चार टक्के आहे म्हणजे माझा चान्स चार टक्के, असं आपण धरून चालतो. हार्वर्डच्या पदवीपूर्व प्रवेशाचा आकडा अलीकडच्या वर्षांत चार टक्क्यांच्या आसपास आहे. आपल्या घरचं उदाहरण घ्या. २०२४ मध्ये जेईई अ‍ॅडव्हान्स्डला सुमारे १ लाख ८० हजार मुलं बसली आणि आयआयटीत जागा होत्या सुमारे साडेसतरा हजार. भागाकार केला तर जवळजवळ दहा टक्के. पण आपल्यापैकी कुणाचाही चान्स दहा टक्के होता का? कुणाचा नव्वद होता, कुणाचा शून्याच्या आसपास. दहा टक्के हा गर्दीचा आकडा आहे, गर्दीतल्या कुणाचाही नाही.

दुसरा घोळ यादीचा. माझा रूममेट म्हणतो, प्रत्येक ठिकाणी दहा टक्के चान्स धर आणि दहा ठिकाणी टाक. ०.९ चा दहावा घात ०.३५, म्हणजे निदान एक तरी अ‍ॅडमिट मिळण्याची शक्यता ६५ टक्के. गणित बरोबर आहे, गृहीतक चूक आहे. हे दहा निकाल एकमेकांपासून स्वतंत्र नाहीत. एसओपी तीच, रेको देणारे सर तेच, बॅकलॉग तोच. पहिल्याला जे खटकलं ते दुसऱ्यालाही खटकणार. एकाच बॅचचे दहा खराब कपॅसिटर लावले म्हणून सर्किटची रिलायबिलिटी वाढत नाही.

आनंदीबाईंच्या अर्जात दहा ठिकाणं नव्हती. पण जिथे अर्ज केला, तिथल्या माणसांना त्यांच्या उणिवांपलीकडचं काही दिसू शकत होतं. प्रोफेसर कोण, त्यांची लॅब कशावर काम करते, आपल्याकडे असलेलं काय त्यांच्या उपयोगाचं, याचा शोध घेतल्यावर पाच ठिकाणी अर्ज करणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. भाईंदरच्या खाडीच्या पाण्यावर किंवा उत्तनच्या मासे सुकवण्याच्या पद्धतीवर ज्याने बीईचा प्रोजेक्ट केलाय, त्याच्याकडे सांगण्यासारखं आहे. पण ते ऐकण्यात ज्यांना रस आहे, अशांनाच सांगायला हवं.

जो कॉलम कुणी ठेवत नाही

इथपर्यंत आल्यावर लेख संपवता आला असता. पण मग तो खोटा ठरला असता.

फिलाडेल्फियाचा हिवाळा, तिथलं अन्न, नऊवारी नेसून थंडीत काढलेले दिवस, अभ्यासाचा ताण. आधीच नाजूक असलेली प्रकृती तिथे ढासळली. तरी त्यांनी तीन वर्षांचा कोर्स पूर्ण केला. प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहिला. पदवीदान समारंभाला गोपाळराव आले होते, पंडिता रमाबाई इंग्लंडहून आल्या होत्या. व्हिक्टोरिया राणीचा अभिनंदनाचा संदेश आला. कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री विभागाची जबाबदारी देऊ केली.

१८८६ च्या अखेरीस त्या परत आल्या तेव्हा क्षयाने पार पोखरल्या होत्या. कोल्हापूरला रुजू होणं झालंच नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या. बावीस पूर्ण व्हायला महिना बाकी होता. म्हणजे आपण फायनल इयरला असतो तेच वय. त्यांची रक्षा कार्पेंटर मावशींकडे पाठवण्यात आली. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावी कार्पेंटरांच्या कुटुंबाच्या दफनभूमीत ती आजही आहे. शुक्र ग्रहावरच्या एका विवराला त्यांचं नाव दिलं गेलंय. पण ज्या बाईला तपासण्यासाठी त्या शिकल्या, ती कोल्हापूरच्या वॉर्डात त्यांची वाट बघत राहिली.

आता सांगा, हा अर्ज यशस्वी झाला की नाही? हॉस्टेलमध्ये मी चौघांना विचारलं, चार उत्तरं मिळाली. मेसमध्ये यावरून अर्धा तास वाद झाला, भाजी गार झाली. एक जण म्हणाला की त्यांच्यामुळे पुढच्यांना वाट मिळाली. ते खरं आहे. रखमाबाई लंडनला शिकून १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या आणि त्यांनी पुढे अनेक वर्षं सुरत आणि राजकोटला काम केलं. दुसरा म्हणाला, वाट दुसऱ्यांना मिळाली, किंमत एकटीने दिली. तेही खरं आहे.

मला एवढंच जाणवलं की प्रवेश मिळण्याची शक्यता आणि प्रवेश निभावण्याची शक्यता हे दोन वेगळे आकडे आहेत. आपण फक्त पहिला लिहितो. अ‍ॅडमिट आलं की स्टेटस टाकतो. त्यानंतरची दोन वर्षं कोण भरणार, कशाने भरणार, हे शीटमध्ये नसतं. आनंदीबाईंच्या बाबतीत ते शरीराने भरलं. आपल्याकडे ते बहुतेक वेळा वडिलांच्या घराने भरलं जातं. माझ्या बाबतीत आकडा चाळीस लाखांच्या घरात जातो. तारण म्हणून संगमनेरचं घर. त्या घरात आजी राहते, आणि तिला तारण हा शब्द माहीत नाही.

म्हणून मी माझ्या शीटमध्ये दोन कॉलम वाढवले आहेत. एक: इथे मला ओळखू शकेल असं कोण आहे? दोन: याची किंमत कोण मोजणार, आणि त्यांना विचारलंय का? या दोन कॉलमांनी अकरा नावांची सहा झाली. त्यातली दोन अजूनही लालच आहेत. ती मी ठेवली आहेत, कारण तिथल्या एका लॅबमध्ये माझ्या प्रोजेक्टच्या अगदी जवळचं काम चालतं. दुसऱ्या कॉलमसाठी मात्र गावी जाऊन बसून बोलावं लागेल, ते फोनवर होणार नाही. दिवाळीच्या सुट्टीत मी जातोय.

तुमच्या शीटमध्ये हे कॉलम भरून बघा. टक्के काय, कुणीही सांगेल. अगदी फुकटात सांगेल.